दुर्बीणकाका गोड झाले तो दिवस

सिस्टर पहिल्या दिवशी त्या घरात शिरली तेव्हा तिचं स्वागत "पिशवी उघडा" या दोन शब्दांनी झालं.

बोलणारा माणूस पलंगावर उताणा पडलेला होता. खुब्याचं ऑपरेशन होऊन नुकताच घरी आलेला, दाढी वाढलेली, एक पाय उशीवर. पण आवाजात अशी जरब होती की सिस्टरने चपला काढायच्या आधी पिशवी उघडली. आत तिचा डबा, रक्तदाबाचं मशीन, थर्मामीटर, हातमोजे आणि एक केळं.

"केळं कोणाचं?"

"माझं."

"येताना होतं. जाताना नसेल तर बोलू."

या गृहस्थांनी सगळी नोकरी एका चार मजली कापडाच्या दुकानात काढली होती. काम एकच. गिऱ्हाईक असल्यासारखं हिंडायचं आणि चोर पकडायचे. साडीखाली साडी नेसून निघालेल्या बाया, टोपीत मोजे कोंबलेले सज्जन, गर्भारपणाच्या नावाखाली चादरी नेणाऱ्या, सगळे त्यांनी पकडले. दुकानात कॅमेरे बसले तेव्हा ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मिळालेलं घड्याळ त्यांनी तिथल्या तिथे कानाला लावून पाहिलं आणि मगच हार घालून घेतला. सगळी वसाहत त्यांना दुर्बीणकाका म्हणायची. हे त्यांना ठाऊक होतं आणि नाव कोणी ठेवलं याबद्दल त्यांचा तिघांवर संशय होता.

मुलगा ट्रक घेऊन कायम बाहेरगावी. घरात सून. ती शिवणाच्या कारखान्यात सुपरवायझर होती. दिवसभर सिस्टर, संध्याकाळपासून सून, अशी पाळी ठरली.

सिस्टर कामाला लागली आणि तिचं प्रत्येक काम गुन्ह्यासारखं दिसू लागलं. तिने आधी साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत.

"कसले ठसे पुसताय?" काकांनी विचारलं.

पलंगापासून मोरीपर्यंत एक सतरंजी होती. वॉकर तिच्यात अडकून माणूस पुन्हा पडला असता. तिने ती गुंडाळून कपाटामागे ठेवली. "सतरंजी गेली," काकांनी छताला सांगितलं. चष्मा, पाणी आणि घंटी तिने त्यांच्या उजव्या हाताशी आणून ठेवली. तो आमिष दाखवण्याचा प्रकार ठरला. तिने टाचा तपासल्या, कंबरेखालची कातडी लाल झाली आहे का ते पाहिलं, आणि थोड्या वेळाने कुशीवर वळा म्हणाली.

"माझ्या पाठीमागे काय करायचंय तुम्हाला?"

"काही नाही, आजोबा. एकाच जागी दाब राहिला तर जखम होते."

"आजोबा? आपलं नातं कधी जुळलं?"

दाढी करायची वेळ आली तेव्हा तिने आरसा आणि रेझर त्यांच्या हातात दिला आणि स्वतः बाजूला उभी राहिली. जे पेशंटला जमतं ते पेशंटनेच करायचं, हे तिला शिकवलेलं होतं. काकांनी अर्धी दाढी करून सुनेला फोन लावला आणि सांगितलं, की बाई पगार घेते आणि कामं मी करतोय.

पण सगळ्यात मोठा खटका गोळीच्या वेळी उडायचा. सिस्टर रोज गोळी हातात घेऊन विचारायची, "तुमचं पूर्ण नाव सांगा."

"तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे."

"मग?"

"तरी विचारायचं असतं. गोळी योग्य माणसाला जातेय ना, याची खात्री."

"या पलंगावर दुसरा कोण असणार?"

"तुमच्या दुकानात तुम्ही ओळखीच्या माणसाची पिशवी बघत नव्हतात?"

काकांनी गोळीकडे निरखून पाहिलं. मग म्हणाले, "काल होतं तेच." आणि गोळी घेतली. त्या दिवसापासून हेच उत्तर ठरलं. सिस्टरला ते चालायचं. काल काय होतं हे आठवणारा माणूस ठिकाणावर असतो.

अशा रीतीने दोघांचं बरं चाललं होतं, म्हणजे दोघंही एकमेकांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवून होते. तिला पाठ झालं होतं की आल्याबरोबर पिशवी, दहा मिनिटांनी सतरंजीची चौकशी, जेवणाआधी केळं. रक्तदाब जितका नेमाने मोजायचा तितक्याच नेमाने संशय यायचा, आणि आकडाही साधारण तोच असायचा.

घरात एकच गोष्ट बिनसलेली होती. सिस्टर आणि सून एकमेकींशी बोलत नव्हत्या.

त्याचं असं झालं की दुसऱ्याच दिवशी काका सिस्टरला हळूच म्हणाले, "आमची सूनबाई म्हणत होती, सिस्टर नुसती प्रश्न विचारते, करत काही नाही." आणि रात्री सुनेला म्हणाले, "ती सिस्टर म्हणत होती, या घरात मोरीकडे बघवत नाही." दोघी आपापल्या जागी फणकारल्या. संध्याकाळी पाळी बदलताना दारात दोघींचं संभाषण व्हायचं ते असं:

"येते."

"हं."

बस्स. दिवसभरात काय खाल्लं, किती प्यायले, लघवी किती झाली, यातलं अवाक्षर नाही. सिस्टर सकाळी काकांनाच विचारायची, "रात्री लघवी नीट झाली?" काका म्हणायचे, "झाली की. सूनबाईने भांडं रिकामं केलं." दिवसा तिने दिलेल्या भांड्यात जेमतेम तळ झाकायचा; बाकीची रात्री होते, असं ती धरून चालली. आणि रात्री सुनेने दाराआडून, नजर दुसरीकडे ठेवून विचारलं की, "बाबा, भांडं हवंय का?" तर उत्तर यायचं, "नको. सिस्टरने जाताना सगळं केलंय." सुनेला हायसं वाटायचं. सासऱ्यालाही. ग्लास मात्र प्रत्येक वेळी रिकामा दिसायचा. सिस्टर मनात म्हणायची, चला, पाणी तरी व्यवस्थित पितात.

याच सुमारास खालचे मास्तर जिना चढून आले.

मास्तर खालच्या मजल्यावर एकटे राहायचे, पांढरे शर्ट घालायचे आणि ते स्वतः धुऊन खिडकीबाहेरच्या दांडीवर वाळत घालायचे. त्यांच्यासोबत एक प्लंबर होता.

"तुमच्याकडून गळतंय," मास्तर म्हणाले. "माझे शर्ट वाळतच नाहीत. वाळत आले की ओले. आणि हे बघा." त्यांनी एक शर्ट उलगडला. खांद्यावर केशरी डाग. "गंजकं पाणी."

प्लंबरने डागाचा वास घेतला. "गंज आहे खरा," तो म्हणाला, "पण याला मिरीचा वास येतोय."

"पाइपात मिरी?"

"मी फक्त वास सांगितला, मास्तर. आरोप केला नाही."

त्याने मोरी उघडली, दोन फरशा काढल्या, स्वयंपाकघरातला ओटा ठोकून पाहिला. शेवटी कपाळाला हात लावून सिस्टरसमोर बसला. "बाई, नळ कोरडा, पाइप कोरडा, सांधे कोरडे. तरी गळती आहे. आणि कहर म्हणजे वेळेवर आहे. नाश्त्याच्या सुमाराला एकदा, जेवणाच्या आधी एकदा, चहाच्या वेळेला एकदा. इतकी वर्षं पाइप बघतोय, घड्याळ बांधलेला पाइप नाही बघितला."

"प्लंबरच पाणी चोरतोय," काका पलंगावरून म्हणाले. "त्याची पिशवी बघा."

प्लंबरने बिचाऱ्याने पिशवी उघडून दाखवली. आत पाना, सुतळी आणि कोणाचा तरी नळ. काकांचा चेहरा उजळला. सिस्टर हसत होती. हसायच्या नादात, वेळेवर येणाऱ्या गळतीचा विचार करायचं तिचं राहून गेलं.

पुढे एका सुट्टीच्या दिवशी सिस्टर आली तर दारातच सून उभी. चेहऱ्यावर चक्क हसू. गेल्या कित्येक दिवसांत तिने सिस्टरकडे सरळ पाहिलं नव्हतं, ती आज म्हणाली, "या ना! बाबा किती छान आहेत आज!"

सिस्टर आत गेली. सवयीने पिशवी उघडून पलंगाजवळ धरली.

काका मंद हसले. "राहू दे गं, बाळ," ते म्हणाले. "पिशवीत काय बघायचं? तू काय परकी आहेस?"

सिस्टरच्या मनात पाल चुकचुकली.

"सकाळी मलाही बाळ म्हणाले," सून डोळे पुसत म्हणाली. "लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा! मी लगेच यांना फोन केला. हे तिकडे ट्रक बाजूला घेऊन रडले. आणि हे बघा." तिने किल्ल्यांचा जुडगा दाखवला. "कपाटाच्या. स्वतः काढून दिल्या. म्हणाले, घर तुझंच आहे."

"सतरंजीचं काही विचारलं?"

"नाही! तेच तर! एकदाही नाही!"

सिस्टरने हात धुतले. ठशांबद्दल कोणी बोललं नाही. ती गोळी घेऊन पलंगाशी वाकली. "तुमचं पूर्ण नाव सांगा."

काकांनी डोळे अर्धवट उघडले आणि फार प्रेमाने म्हणाले, "तुला आवडेल ते नाव ठेव."

तिने गोळी परत पाकिटात ठेवली.

मग एकेक बघत गेली. जीभ कोरडी, खरखरीत. ओठांच्या कडांना पापुद्रे. डोळे आत गेलेले. कपाळ थोडं गरम. नाडी भरभर चालणारी, रक्तदाब रोजच्यापेक्षा बराच खाली. "कुठे आहात तुम्ही आत्ता?" असं विचारल्यावर ते म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावर, पडद्यांच्या विभागात. आज गर्दी नाही." आणि बोलता बोलता पेंगले.

"ताई, डॉक्टरांना बोलवायला हवं."

"का?" सुनेचं हसू मावळलं. "माणूस पहिल्यांदा चार शब्द गोड बोलतोय, आणि तुम्हाला डॉक्टर हवेत?"

"हे त्यांचं बोलणं नाही."

"म्हणजे? माणूस सुधारू शकत नाही?"

"एका रात्रीत नाही. या माणसाने माझ्या केळ्यावर पाळत ठेवलीय. तो किल्ल्या देणार नाही."

"मी सांगू तुम्हाला काय आहे ते?" सून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आतापर्यंत गिळलेलं सगळं बाहेर आलं. "तुम्हाला हे बरे व्हायलाच नकोत. बरे झाले की तुमचं काम सुटणार. मला बाबांनी आधीच सांगितलं होतं, जपून राहा हिच्यापासून. मोरीला नावं ठेवणाऱ्या तुम्ही!"

"मोरीला? मी कधी?"

"नाही ठेवलीत?"

"मोरी घासून पुसून लख्ख असते तुमची. आणि तुम्हीच म्हणालात ना, मी नुसते प्रश्न विचारते?"

"मी? मी तर तुमच्याशी बोलतच नाही!"

दोघी थांबल्या. दोघींनी पलंगाकडे पाहिलं. पलंगावरचा माणूस देवासारखा निजला होता.

"ताई," सिस्टर हळू आवाजात म्हणाली, "एक विचारते. काल रात्री तुम्ही भांडं कितीदा रिकामं केलंत?"

"मी कुठे? ते म्हणाले, तुम्ही जाताना करून जाता."

"मला म्हणाले, रात्री तुम्ही करता."

सुनेने तोंडावर हात ठेवला.

तेवढ्यात दार वाजलं. प्लंबर होता, छाती पुढे काढलेला. "सांगायला आलो. गळती बंद! कालपासून एक थेंब नाही. मास्तरांचे शर्ट खडखडीत. काय केलं ते विचारू नका, कारण मलाही माहीत नाही."

सिस्टरने वळून स्टुलाकडे पाहिलं. पाण्याचा ग्लास काठोकाठ भरलेला होता. त्याच्या शेजारी कालचं मिरी घातलेलं टोमॅटोचं सूप, वर साय धरलेलं. आणि पलंगाला लागून खिडकी. तिने खिडकीच्या कडेवर बोट फिरवलं. बाहेरच्या बाजूने, भिंतीवरून थेट मास्तरांच्या दांडीपर्यंत केशरी ओघळ गेले होते.

इतके दिवस ग्लास रिकामा झालेला तिने पाहिला होता. पिताना एकदाही पाहिलं नव्हतं. काल त्यांच्या हातात ग्लास उचलून खिडकीबाहेर ओतायचीही ताकद उरली नव्हती, आणि गळती थांबली होती.

तिने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर घाईत होते. "शांत आहेत ना? त्रास देत नाहीत? मग झोपू द्या. वय झालंय, थकवा असेल."

सिस्टरने नाडी सांगितली, रक्तदाब सांगितला, जीभ सांगितली. "हं, हं," असं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "डॉक्टर, आज त्यांनी माझी पिशवी बघितली नाही."

या डॉक्टरांचा स्टेथोस्कोप काकांनी दोन वेळा उलटासुलटा करून पाहिला होता आणि एकदा पावती मागितली होती.

"अजिबात नाही बघितली?"

"नाही. आणि कपाटाच्या किल्ल्या सुनेला दिल्या."

"अँब्युलन्स बोलवा," डॉक्टर म्हणाले. "मी हॉस्पिटलला पोचतो."

जिन्यावरून स्ट्रेचर उतरवताना पुढून प्लंबर, मागून मास्तर. मास्तरांच्या पांढऱ्या शर्टाला काकांनी हात लावला आणि म्हणाले, "छान आहे. घेऊन जा. कोण बघतंय?" मास्तरांचे डोळे भरून आले. सिस्टरने मात्र पुढच्या प्लंबरला घाई केली. चोराला असं सांगणारा दुर्बीणकाका तिला फार दूर गेल्यासारखा वाटला.

हॉस्पिटलमध्ये सलाइन लागलं. शरीरात पाणी नाही, लघवी तुंबून आत जंतुसंसर्ग, म्हणून डोकं भरकटलंय, असं निदान झालं. "आणखी थांबला असतात तर किडन्या हाताबाहेर गेल्या असत्या," डॉक्टर म्हणाले. सून बाकावर बसून राहिली. सिस्टरला म्हणाली, "मी खूश झाले होते हो. ते मरायला टेकले होते आणि मी चांगली चादर काढून घातली."

"ग्लास मीही नुसता बघितला," सिस्टर म्हणाली. "चादरीपेक्षा ते वाईट."

दोन्ही बायका त्या बाकावर पहिल्यांदा नीट बोलल्या. काकांनी दोघींमध्ये किती काय काय पेरलं होतं ते एकेक करून बाहेर आलं. "मी तुमच्या हाताला घाण वास येतो म्हणाले?" "आणि मी तुमच्या स्वयंपाकाला?" शेवटी दोघींना हसू आवरेना. नर्सने येऊन दटावलं.

औषध लागू पडायला वेळ लागला. काका बाळ म्हणत राहिले, वॉर्डबॉयला, भिंतीला. सून दर वेळी दचकायची. तो शब्द आता तिला नको होता. मग एका दुपारी ती सफरचंद कापत बसली असताना पलंगावरून आवाज आला, जुना, खरखरीत.

"या बाटलीत काय आहे?"

सून उठून उभी राहिली.

"कोणाला विचारून लावली? आणि माझ्या किल्ल्या कुठायत?"

"बाबा!" सून रडायलाच लागली. "बाबा, विचारा ना अजून!"

"काय विचारा? किल्ल्या काढ आधी."

घरी परतल्यावर सिस्टरने पलंगाभोवती दोरी बांधून पडदा लावला. झाकणाचं भांडं काकांच्या उजव्या हाताशी, कापडाखाली झाकून ठेवलं, म्हणजे मागायला नको. पाळी बदलताना आता दोघी पलंगाशीच उभ्या राहून बोलायच्या: किती प्यायले, किती झाली, कातडी कशी आहे.

"माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलता?" काका म्हणाले.

"हो. म्हणजे मागे काय बोललो असा संशय नको."

त्यांनी दोघींना आकडे पुन्हा म्हणायला लावले.

पण एकदा सून कामाला गेल्यावर, सिस्टर टाचांना क्रीम लावत असताना, ते छताकडे बघत म्हणाले, "सुनेला सांगायचं? भांडं आण म्हणून? लेकीसारखी पोर ती. पाणी पोटात गेलंच नाही की प्रश्नच नाही, असा हिशेब होता."

"मला तरी सांगायचं."

"तुम्ही तर अशा उभ्या राहायचात, जसं काही मी शर्टात काही लपवतोय."

सिस्टरला ते लागलं. तिने भांडं दिलं होतं, पण पाठ फिरवली नव्हती. "चुकलंच माझं," ती म्हणाली. "आणि ग्लास रिकामा दिसला, तो मी प्यायलेला धरला."

काकांनी मान हलवली, जुन्या धंद्यातला माणूस नवख्याला समजावतो तशी. "हँगर रिकामा दिसला म्हणून कपडा विकला गेला असं नसतं, सिस्टर. आणि चोरी नेहमी पाळी बदलतानाच होते. आमच्या दुकानात शेंबडं पोरही सांगेल."

"आता तुम्ही माझ्यासमोर प्यायचं. घोट घोट."

"त्यात काय घातलंय?"

"पाणी आहे."

"मग आधी तुम्ही."

सिस्टर ग्लासभर पाणी प्यायली. काकांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं, ती पडते का याची वाट पाहिली, मग स्वतःचा ग्लास संपवला. पुढच्या ग्लासालाही तेच. त्याच्या पुढच्यालाही. सरबत आलं, तेही आधी सिस्टरने. दुपार होईपर्यंत काकांच्या जिभेवर ओल आली होती आणि सिस्टर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती.

गोळीची वेळ झाली. "पूर्ण नाव?"

"काल होतं तेच."

तिने गोळी दिली. मग राहवेना. "आजोबा, मी जरा... मोरीत जाऊन येऊ?"

"त्यात लाजायचं काय एवढं?" काका म्हणाले. "माणसाला लागतेच."

ती दारापर्यंत पोचली तसा मागून आवाज आला.

"सिस्टर."

"काय?"

"जाताना तो पडदा ओढा." जरा थांबून ते म्हणाले, "आणि पिशवी इथे ठेवून जा."